चढ किती? – सरळ रेषेच्या चढाचा एक पाठ

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आठवणींचा एखादा लेख लिहावा असे प्रथम मनात आले. परंतु आठवणी लिहिणारे अधिकारी लेखक आपल्यात पुष्कळ आहेत. माझा उभा जन्म फळा आणि खडू ह्यांच्या संगतीत गेला, आणि निवृत्तीनंतरही संस्थेच्या सायंवर्गात मुलांना गणित सांगण्याचे काम मी आनंदाने करीत आहे. तेव्हा आपल्याला जे येते तेच द्यावे, म्हणून एक पाठच लिहून देत आहे. विषय आहे ‘सरळ रेषेचा चढ’.

विषय रुक्ष आहे, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. ह्याच विषयातील माझ्या एका निष्काळजीपणामुळे आपल्या सभागृहाच्या दारात एक अपघात होता होता राहिला. त्याची कबुली देणे हाही ह्या लेखाचा एक हेतू आहे.

१. ‘बारा’ ह्या आकड्याची हकीकत

आपल्या सभागृहाचे जोते अंगणापासून दीड फूट उंच आहे. वर जाण्यास तीन पायऱ्या होत्या. सभासदांचे वय वाढत चालले, काहींना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागू लागला, म्हणून पायऱ्यांच्या बाजूला एक रॅम्प बांधावा असे ठरले. अशा रॅम्पसाठी ‘१ ला १२’ हा चढ कमाल मानतात. म्हणजे उभे एक चढण्यासाठी आडवे निदान बारा जावे, त्याहून तीव्र चढ असू नये. हे मला ठाऊक होते, म्हणून चिठ्ठी लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. मी घाईत एवढेच लिहिले : “रॅम्प. चढ १२.”

कंत्राटदाराच्या हाताखालच्या मुलाने ती चिठ्ठी वाचली. त्याच्या मोबाइलवर कोन मोजण्याची सोय होती. त्याने मोबाइल फळीवर ठेवला, पडद्यावर बारा अंश येतील अशी फळी तिरपी केली आणि त्याप्रमाणे काम करून घेतले. रॅम्प सात फुटांचा झाला. आम्ही सर्वांनी पाहिला, आटोपशीर दिसला, अंगणही फारसे अडले नाही, म्हणून समाधान मानले.

पुढच्याच रविवारी ग्रंथालयात तीस वर्षे पुस्तके देण्याचे काम ज्यांनी केले त्या आमच्या मावशी चाकांच्या खुर्चीतून आल्या. भाचा खुर्ची ढकलीत होता. अर्ध्या वाटेवर खुर्ची थांबली, आणि मग हळूहळू मागे येऊ लागली. दारात उभ्या असलेल्या दोन मुलांनी धावत येऊन ती धरली म्हणून बरे. मावशींना लागले नाही. त्यांनी पदर सावरला आणि एवढेच म्हणाल्या, “मास्तर, हा रॅम्प धडधाकट माणसांसाठी बांधलात काय?”

दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या मिस्त्रीला बोलावले. त्याने फळी टाकली, तिच्यावर पाणसळ ठेवली, टेप धरला आणि म्हणाला, “मास्तर, ह्याला फुटाला अडीच इंचावर चढ आहे. तुम्हाला किती हवा होता?” मी म्हटले, “एकास बारा.” तो हसला. “म्हणजे फुटाला इंच. तसंच लिहायचं होतं की! चूक झालीच नसती.”

चूक मोजणाऱ्या मुलाची नव्हती. त्याने बारा म्हटले तर बाराच मोजले. चूक होती ‘बारा म्हणजे कशाचे बारा’ हे न सांगणाऱ्या गणिताच्या शिक्षकाची. म्हणून आता चढ म्हणजे काय, हे मुळापासून पाहू.

२. चढ म्हणजे भागाकार

एखादी वाट किती चढी आहे हे नुसत्या उंचीवरून कळत नाही. दीड फूट उंची तीन पायऱ्यांनीही गाठता येते आणि अठरा फुटांच्या रॅम्पनेही. नुसत्या लांबीवरूनही ते कळत नाही. सपाट रस्ता मैलभर लांब असला तरी त्याला चढ नाही. चढ ठरतो तो दोहोंच्या तुलनेने. म्हणून व्याख्या अशी :

चढ = उभा फरक ÷ आडवा फरक

आमच्या पहिल्या रॅम्पचा उभा फरक दीड फूट, म्हणजे १८ इंच, आणि आडवा फरक ७ फूट, म्हणजे ८४ इंच होता. १८ भागिले ८४ म्हणजे सुमारे ०.२१४. हवा होता १ भागिले १२, म्हणजे सुमारे ०.०८३. जो चढ बांधला गेला तो हव्या त्या चढाच्या अडीचपटीहून अधिक होता.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, दोन्ही मापे एकाच एककात घ्यावीत. इंचांना फुटांनी भागून आलेली संख्या सरळ चढ म्हणून वापरली तर बारापट घोटाळा होतो. दुसरी, आडवा फरक जमिनीच्या पातळीत मोजावा, उतारावरून टेप धरून नव्हे. उतारावरची लांबी हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण होय. आपल्याला हवी आहे ती त्या त्रिकोणाची आडवी बाजू.

घरच्या घरी चढ मोजायचा असल्यास मिस्त्रीची युक्ती उत्तम आहे. १२० सेंटिमीटर लांबीची सरळ फळी घ्यावी. तिचे एक टोक उतारावर वरच्या बाजूला टेकवावे आणि दुसरे टोक उचलून पाणसळीतील बुडबुडा मध्यावर येईपर्यंत फळी आडवी करावी. मग त्या उचललेल्या टोकापासून खाली उतारापर्यंतचे उभे अंतर मोजावे. ते १० सेंटिमीटर भरले तर चढ १०/१२०, म्हणजे १ ला १२. सभासदांनी आपापल्या घराच्या दारापुढचा उतार एकदा असा मोजून पाहावा.

३. सरळ रेषेचा चढ सगळीकडे सारखाच का?

वर्गात मुले हमखास विचारतात, “सर, मोजायचे कुठून कुठपर्यंत?” प्रश्न चांगला आहे. उत्तर असे की रेषा सरळ असेल तर कुठूनही कुठपर्यंत मोजा, चढ तोच येतो.

ह्याचे कारण भूमितीत आहे. सरळ रेषेवर कोणतेही दोन बिंदू घेऊन त्यांच्यामधील आडवा व उभा फरक काढला की एक काटकोन त्रिकोण तयार होतो. दुसरे दोन बिंदू घेतले की दुसरा त्रिकोण होतो. एक लहान असेल, एक मोठा असेल. परंतु दोहोंत एक कोन काटकोन, आणि रेषेने आडव्या दिशेशी केलेला कोनही दोहोंत तोच. म्हणून ते त्रिकोण समरूप आहेत, आणि समरूप त्रिकोणांच्या संगत बाजूंचे गुणोत्तर सारखे असते. लहान त्रिकोणात उभे भागिले आडवे जेवढे, तेवढेच मोठ्यातही.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट त्रैराशिकाच्या रूपाने परिचयाची होती. भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त प्रमाण, फल आणि इच्छा ह्या तीन राशींवरून चौथी काढण्याची रीत दिली आहे. १२ फुटांना १ फूट उंची, तर १८ फुटांना किती? दीड फूट. शंकू आणि त्याची सावली ह्यांची उदाहरणेही त्या ग्रंथात आहेत, आणि तेथेही समरूप त्रिकोणच कामास येतात. सरळ रेषेचा चढ म्हणजे कागदावर काढलेले त्रैराशिकच होय, असे म्हटले तरी चालेल.

ह्याच्या उलट, चढ जर ठिकठिकाणी वेगळा येत असेल तर ती रेषा सरळ नाही. तीन बिंदू एका रेषेत आहेत की नाहीत हे तपासण्याची हीच रीत : पहिल्या-दुसऱ्या बिंदूंचा चढ काढा, दुसऱ्या-तिसऱ्याचा काढा. दोन्ही सारखे आले तर बिंदू एकरेषीय आहेत.

ह्यात एक व्यावहारिक धोका दडलेला आहे. समजा, १८ फुटांचा रॅम्प बांधला, वरच्या टोकाची उंची बरोबर १८ इंच भरली, पण मध्यावर, म्हणजे ९ फुटांवर, उंची ९ इंचांऐवजी ११ इंच भरली. दोन टोकांवरून हिशेब केला तर १८ इंच भागिले २१६ इंच, म्हणजे १ ला १२. कागदावर सर्व ठीक. परंतु खालच्या अर्ध्या भागाचा चढ ११/१०८, म्हणजे १ ला ९.८, आणि वरच्या भागाचा ७/१०८, म्हणजे १ ला १५.४. खुर्ची ढकलणाऱ्याला सरासरी ढकलायची नसते. त्याला आधी तो खालचा अर्धा भागच चढावा लागतो. म्हणून नुसती टोके मोजून थांबू नये.

४. आलेखाच्या कागदावर

फ्रान्समधील तत्त्वज्ञ व गणिती देकार्त ह्याने इ. स. १६३७ मध्ये भूमितीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बीजगणिताची व भूमितीची गाठ घालून दिली. त्या विचारातूनच पुढे आलेखाची पद्धत रूढ झाली. तीत कोणत्याही बिंदूची जागा दोन संख्यांनी सांगतात : आरंभबिंदूपासून आडवे अंतर क्ष, आणि उभे अंतर य. ह्या संख्यांना त्या बिंदूचे निर्देशक म्हणतात.

पहिल्या बिंदूचे निर्देशक (क्ष१, य१) आणि दुसऱ्याचे (क्ष२, य२) असतील तर,

चढ = (य२ − य१) ÷ (क्ष२ − क्ष१)

हे नवे सूत्र नव्हे. वरती दुसऱ्या बिंदूची उंची वजा पहिल्याची उंची, म्हणजे उभा फरक; खाली त्याचप्रमाणे आडवा फरक. मिस्त्रीच्या टेपचे काम येथे वजाबाकी करते, इतकेच.

उदाहरण : (२, ३) आणि (८, ६) ह्या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढा.
उभा फरक ६ − ३ = ३. आडवा फरक ८ − २ = ६. चढ ३/६ = १/२.

बिंदूंचा क्रम बदलला तर? ३ − ६ = −३, आणि २ − ८ = −६. वजा तीनला वजा सहाने भागले, पुन्हा १/२. म्हणून कोणत्या बिंदूला पहिला म्हणायचे ते तुमच्या मर्जीवर आहे. परंतु एकदा म्हटले की शब्द फिरवू नये. वर ६ − ३ आणि खाली २ − ८ असे केले तर उत्तर −१/२ येते, आणि चढाचा उतार होतो. परीक्षेत ह्या विषयाचे गुण जातात ते बहुधा येथेच. वर ज्या बिंदूपासून आरंभ केला, खालीही त्याच बिंदूपासून आरंभ करावा.

दुसरी चूक म्हणजे क्ष वर आणि य खाली ठेवणे. तेव्हा १ ला १२ च्या जागी १२ ला १ होते. म्हणजे जवळजवळ भिंतच! उत्तर आल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे वाट आणावी आणि हा चढ शक्य दिसतो का, असे स्वतःला विचारावे. नुसते सूत्र पाठ करणाऱ्यापेक्षा असे विचारणारा विद्यार्थी पुढे जातो.

५. अधिक, उणे, शून्य आणि निरुत्तर

आलेख आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. तसे जाताना रेषा वर जात असेल तर चढ धन, खाली येत असेल तर ऋण. रॅम्प एकच असतो; चढणाऱ्याला तो चढ आणि उतरणाऱ्याला उतार. गणितात मात्र दिशा आधी ठरलेली असते, म्हणून एका रेषेला एकच चिन्ह मिळते.

रेषा आडवी असेल तर उभा फरक शून्य, म्हणून चढही शून्य. शून्य चढ म्हणजे चढ ‘नाही’ असे आपण बोलतो, पण गणितात शून्य हे खरेखुरे उत्तर आहे.

रेषा उभी असेल, गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखी, तर आडवा फरक शून्य होतो. शून्याने भागता येत नाही. म्हणून उभ्या रेषेच्या चढाला संख्याच नाही. ‘शून्य चढ’ आणि ‘चढ सांगता येत नाही’ ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक अंगणाची फरशी, दुसरी सभागृहाची भिंत. विद्यार्थ्यांनी ह्या दोन्हींची गल्लत करू नये.

समांतर रेषांचे चढ सारखे असतात, हे सहज ध्यानात येईल. उभ्या-आडव्या रेषा सोडल्यास, परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो, हेही नोंदवून ठेवावे.

६. एकाच चढाच्या तीन भाषा

आता आमच्या ‘बारा’कडे वळू. चढ सांगण्याच्या तीन पद्धती प्रचारात आहेत, आणि आकडा तोच असला तरी तिन्हींचा अर्थ निराळा होतो.

पहिली पद्धत ‘१ ला अमुक’. येथे आकडा आडव्या अंतराचा असतो. म्हणून आकडा जितका मोठा, तितका चढ सौम्य.
दुसरी शेकडेवारी. शंभर आडव्यास उभे किती? येथे आकडा मोठा तर चढ तीव्र.
तिसरी कोनाचे अंश. येथेही आकडा मोठा तर चढ तीव्र. परंतु हिशेब भागाकाराचा नव्हे, कोनाचा. कोन आणि चढ ह्यांना जोडणारी जी राशी, तिला त्रिकोणमितीत स्पर्शज्या म्हणतात. कोनाची स्पर्शज्या म्हणजेच चढ.

बाराचे तीन अर्थ असे :

१ ला १२ : चढ ०.०८३, शेकडा ८.३, कोन सुमारे ४.८ अंश.
शेकडा १२ : चढ ०.१२, १ ला ८.३, कोन सुमारे ६.८ अंश.
१२ अंश : चढ ०.२१३, शेकडा २१.३, १ ला ४.७.

माझ्या चिठ्ठीतील ‘१२’ ह्या तिन्हींपैकी काहीही असू शकत होते, आणि झाले ते त्यांतील सर्वांत वाईट.

हा फरक अंगाला कसा जाणवतो तेही पाहावे. खुर्ची आणि बसलेले माणूस मिळून ९० किलो वजन धरू. १ ला १२ चढावर ती खुर्ची नुसती जागच्या जागी धरून ठेवण्यास सुमारे साडेसात किलो वजनाइतका जोर लागतो. बारा अंशांच्या चढावर तोच जोर जवळजवळ पावणेएकोणीस किलोंइतका होतो. साडेसात किलो एखादा शाळकरी मुलगा थोपवील. पावणेएकोणीस किलो थोपवीत वर ढकलणे सर्वांना जमण्यासारखे नाही. मावशींच्या भाच्याचा काही दोष नव्हता.

आणखी एक भ्रम दूर करू. शेकडा शंभर चढ म्हणजे भिंत नव्हे. उभे शंभर, आडवे शंभर, म्हणजे चढ १ आणि कोन ४५ अंश. तसेच कोन दुप्पट झाला म्हणजे चढ दुप्पट होतो असेही नाही. ३० अंशांचा चढ ०.५७७ आणि ६० अंशांचा १.७३२, म्हणजे बरोबर तिप्पट.

७. ब्रागांझा घाटातील ‘३७’

आपल्या बेळगावकरांना चढाचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे गोव्याची रेल्वे. लोंढा मागे टाकून गाडी कॅसलरॉकला येते, आणि तेथून दूधसागरच्या धबधब्यावरून कुळेपर्यंत ब्रागांझा घाट उतरते. ह्या घाटातील चढ १ ला ३७ आहे. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटातील सर्वांत तीव्र चढही १ ला ३७ च आहे. आमच्या रॅम्पच्या १ ला १२ पुढे हा किती सौम्य! कोनाच्या भाषेत अवघा दीड अंश. रस्त्याच्या मोटारीला तो चढ आहे हे समजणारही नाही.

मग कुळेहून वर येताना गाडीला जादा इंजिने का जोडावी लागतात? लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड बेताचीच असते, आणि ओझे मात्र प्रचंड असते. १ ला ३७ चढावर गाडीच्या वजनाचा जवळजवळ सदतिसावा भाग तिला मागे ओढीत असतो. हजार टनांची गाडी असली तर हा जोर सुमारे २७ टन वजनाइतका भरतो. तेव्हा तीव्र म्हणजे काय, हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही. चढणारा कोण, ह्यावरही ठरते.

गाडी ४४४ मीटर लांब आहे असे समजू. ४४४ भागिले ३७ म्हणजे १२. गाडी घाटात असताना तिचे पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा बारा मीटर उंच असते. चार मजली घराइतके! चाणाक्ष विद्यार्थी येथे विचारील : “सर, ४४४ मीटर तर उतारावरची लांबी झाली, आडवे अंतर कुठे घेतलेत?” शाबास. परंतु ३७ आणि १ ह्या बाजूंचा कर्ण काढला तर तो ३७.०१ भरतो. इतक्या सौम्य चढावर कर्ण आणि आडवी बाजू जवळजवळ सारखीच असते, म्हणून येथे फरक सोडला तरी चालतो. कौलारू छपराच्या उतारावर मात्र असे करू नये. तेथे हा फरक मोठा असतो.

८. जमिनीवाचूनचा चढ

आतापर्यंत आपण वाटा आणि उतार पाहिले. परंतु आडव्या अक्षावर अंतराऐवजी वेळ घेतला आणि उभ्या अक्षावर पाणी, पैसा किंवा दुसरे काही घेतले, तरी चढ काढता येतो. तेव्हा चढाला आपण ‘दर’ म्हणतो.

समजा, एका सभागृहाचे भाडे दोन तासांना ८०० रुपये आणि पाच तासांना १२५० रुपये पडते, आणि आलेख सरळ रेषा आहे. चढ = (१२५० − ८००) ÷ (५ − २) = ४५० ÷ ३ = १५०. म्हणजे तासाला १५० रुपये दर. दोन तासांचे ३०० रुपये होतात, पण घेतले ८००. उरलेले ५०० ही ठोक रक्कम; तास शून्य असतानाही ती द्यावी लागते. रेषा उभ्या अक्षाला जेथे छेदते तो हा बिंदू. वीजबिलातील स्थिर आकार आणि रिक्षाचे किमान भाडे ही ह्याच जातीची उदाहरणे.

८०० ला २ ने भागून ‘तासाला ४०० रुपये’ असे सांगणारा विद्यार्थी चुकतो तो नेमका येथे : त्याने फरकाला फरकाने भागले नाही, एकूण रकमेला एकूण तासांनी भागले. रेषा आरंभबिंदूतून जात असेल तरच असे चालते.

ह्या चढाला एकक असते, हे विसरू नये : तासाला रुपये, मिनिटाला लिटर. आणि आलेख पाहताना आणखी एक सावधगिरी : कागदावर रेषा किती उभी दिसते हे आपण घेतलेल्या प्रमाणावर अवलंबून असते. उभ्या अक्षावर एका सेंटिमीटरला १०० रुपयांऐवजी १० रुपये घेतले की तीच रेषा कड्यासारखी दिसू लागते. वर्तमानपत्रातील आलेख पाहून दचकण्यापूर्वी कडेचे आकडे वाचावेत आणि भागाकार करावा.

९. नवा रॅम्प

जुना रॅम्प फोडून नवा बांधावा असे विश्वस्त मंडळाने ठरवले आणि हिशेब पुन्हा माझ्याच हाती दिला, ह्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. उभा फरक दीड फूट. १ ला १२ प्रमाणे आडवे अंतर अठरा फूट. अंगणात सरळ अठरा फूट जागा नव्हती. तेव्हा मिस्त्रीच्या सल्ल्याने रॅम्प घडी घालून बांधला : नऊ फूट वर जायचे, मग सपाट चौथरा, तेथे वळायचे आणि पुन्हा नऊ फूट. चौथऱ्याची उंची नऊ इंच. त्याचा चढ शून्य. ढकलणाऱ्याला तेथे दम खाता येतो. दोन्ही बाजूंना कठडे बसवले.

ह्या वेळी चिठ्ठीवर मी लिहिले : “उभे १, आडवे १२. म्हणजे फुटाला एक इंच. दर तीन फुटांवर उंची मोजावी : ३, ६, ९ इंच, चौथऱ्यानंतर १२, १५, १८ इंच.” खाली आकृतीही काढली. मिस्त्रीने ती वाचून दाखवली आणि मगच फावडे उचलले.

काम पूर्ण झाल्यावर सायंवर्गातील मुलांनी फळी, पाणसळ आणि टेप घेऊन प्रत्येक टप्पा मोजला आणि आलेखावर बिंदू मांडले. दोन तिरप्या रेषा, मध्ये एक आडवी. पुढच्या रविवारी मावशी आल्या. ह्या खेपेस भाच्याने हात लावला नाही. त्यांनी स्वतःच चाके फिरवली, चौथऱ्यावर जरा थांबल्या, आणि वर आल्या. ग्रंथालयात जाऊन त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे नोंदवहीतील दोन चुका दाखवल्या.

१०. सरावासाठी

(१) (१, २) व (५, १०) ह्या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढा.
(२) (−३, ४) व (६, १) ह्या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढा.
(३) (२, ७) व (९, ७) ह्यांतून जाणाऱ्या आणि (४, १) व (४, ६) ह्यांतून जाणाऱ्या रेषांच्या चढांविषयी काय सांगाल?
(४) (१, ३), (४, ९), (६, १३) हे बिंदू एका रेषेत आहेत काय?
(५) जोते ६० सेंटिमीटर उंच आहे. १ ला १२ चढाच्या रॅम्पला आडवे अंतर किती लागेल?
(६) नळ उघडल्यावर १० व्या मिनिटाला टाकीत ९०० लिटर व २५ व्या मिनिटाला ६०० लिटर पाणी उरले. आलेख सरळ रेषा असल्यास चढ किती? टाकी केव्हा रिकामी होईल?

उत्तरे : (१) २. (२) −१/३. (३) पहिलीचा चढ शून्य; दुसरी उभी असल्यामुळे तिचा चढ सांगता येत नाही. (४) होय, दोन्ही चढ २ येतात. (५) ७.२ मीटर. (६) मिनिटाला −२० लिटर. ५५ व्या मिनिटाला.

आपल्या कुटुंबांतील मुले आज मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांच्या शाळांत शिकतात. कोणी चढ म्हणते, कोणी इळिजारु, कोणी स्लोप. शब्द कोणताही असो, भागाकार एकच आहे. पालकांनी संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन घराच्या दारातला उतार एकदा मोजावा, आणि तो एखाद्या वृद्धाला किंवा चाकांच्या खुर्चीला जड जाणारा असेल तर शक्य तो बदलावा. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सभासदांकडून मला एवढीच गुरुदक्षिणा पुरे आहे.